राष्ट्राध्यक्ष कोणी गिळले?

वर्गप्रतिनिधी म्हणून मी निवडून आले ती दुसऱ्या फेरीत. हे मुद्दाम सांगते, कारण आपल्या देशाचे राष्ट्राध्यक्षसुद्धा बहुधा दुसऱ्या फेरीतच निवडून येतात. निकाल लागल्यापासून मी जरा ताठ चालायला लागले होते. आई म्हणाली, "सिदोनी, मान दुखेल." पण मान ही उंच ठेवण्यासाठीच असते, असं त्या आठवड्यात माझं ठाम मत होतं.

निवडून आल्यावर काहीतरी करून दाखवावं लागतं. मी जाहीर केलं की जानेवारीत आपला वर्ग 'प्रजासत्ताकाचे राष्ट्राध्यक्ष' असं प्रदर्शन भरवेल. भिंतीवर चित्रं, खाली चार ओळी, शेवटी सगळ्यांनी मिळून गालेत खायची. एवढंच. जानेवारीत गालेत नाही असं घर आमच्या गावात नाही. बदामाचं सारण भरलेली ती गोल, खुसखुशीत पोळी कापायची, आत लपवलेली चिनीमातीची बाहुली, म्हणजे फेव्ह, ज्याच्या तुकड्यात निघेल तो त्या दिवसाचा राजा. त्याच्या डोक्यावर सोनेरी कागदाचा मुकुट. यात धोका कुठे आहे?

धोका कुठे आहे हे आमच्या बाबांना विचारावं. बाबा विमा कंपनीत आहेत. मेणबत्ती पेटवली की त्यांना आधी आग दिसते, मग उजेड. ते म्हणाले, "फेव्हने दात तुटतात. शाळेच्या आवारात दात तुटला तर जबाबदारी कोणाची? आयोजकाची. आयोजक कोण? तू. तू अल्पवयीन, म्हणजे मी."

"बाबा, दात कोणाचेच तुटणार नाहीत," मी म्हणाले. खरंच, त्या दिवशी कोणाचाही दात तुटला नाही. दात तुटला असता तर किती बरं झालं असतं!

सगळं बिघडलं ते माझ्या हुशारीमुळे. मला वाटलं, राष्ट्राध्यक्षांच्या प्रदर्शनात फेव्ह बदकाची किंवा बुटाची कशी चालेल? राष्ट्राध्यक्षच हवा! आणि आमच्या वरच्या मजल्यावर तर अख्खं प्रजासत्ताक राहतं. तिथल्या मस्यू आंसेल्म त्रुशोंनी दंतवैद्यकी सोडल्यावर दाढा बनवायच्या उरलेल्या चिनीमातीचे सगळे दिवंगत राष्ट्राध्यक्ष बनवलेत, प्रत्येकी बोटाच्या पेराएवढे. मखमलीच्या डब्यात ओळीने ठेवलेत. हयात असलेल्यांचे ते करत नाहीत. म्हणतात, "माणूस हयात असेपर्यंत त्याच्या चेहऱ्याचा भरवसा नाही."

मी वर गेले. मस्यू त्रुशोंनी डबा उघडला आणि श्वास रोखून धरला. तो डबा उघडला की ते नेहमीच श्वास रोखतात.

"द्यायला माझी ना नाही, पोरी. पण कोणाला द्यायचं? द गोलना नको, ते उंच झालेत, या डब्याचंच झाकण लागत नाही तर गालेतमध्ये कुठे मावणार? माकमाऑं घोड्यावर आहेत, घोड्याचा कान नाजूक. झ्यूल ग्रेव्हींच्या हातात बिलियर्डची काठी, ती कोणाच्या घशात टोचेल."

"त्यांच्याच जावयाने सन्मानपदकं विकली ना?"

"जावई म्हणजे दहावा ग्रह. राष्ट्राध्यक्षालाही चुकत नाही." त्यांनी पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे कार्नो, हे दुमेर. दोघांचाही खून झाला. त्यांना आता सुरीखाली घालायचं? शोभत नाही. फेलिक्स फोर शाळेत नकोत."

फेलिक्स फोर शाळेत का नकोत ते मला माहीत नाही. ते कसे वारले हे आमच्या बाईंनी एकदा सांगायला घेतलं आणि मध्येच फळा पुसायला लागल्या.

शेवटी त्यांचं बोट एका पांढऱ्या कपड्यातल्या बाहुलीवर थांबलं. पोल देशानेल. रात्रीच्या कपड्यात धावत्या आगगाडीच्या खिडकीतून पडलेले राष्ट्राध्यक्ष. आणि पडले कुठे? आमच्याच भागात, मोंतार्जीच्या अलीकडे! अंधारात अनवाणी चालत फाटकवाल्याच्या घरी पोचले आणि म्हणाले, मी प्रजासत्ताकाचा राष्ट्राध्यक्ष आहे. यावर कोण विश्वास ठेवणार? पण फाटकवाल्याची बायको नंतर म्हणाली म्हणतात, की मला वाटलंच होतं कोणीतरी मोठा माणूस आहे, पाय किती स्वच्छ होते! आमच्याकडे मुलांना अंघोळीला पाठवताना अजून हीच गोष्ट सांगतात.

"यांना ने," मस्यू त्रुशो म्हणाले. "पडण्याची सवय आहे. पण हे पाय बघ. एका केसाच्या कुंचल्याने रंगवलेत. पुन्हा हात इतका स्थिर राहायचा नाही माझा. हरवलेस तर दुसरे होणार नाहीत." त्यांचा हात खरंच थरथरत होता. मला तेव्हाच भीती वाटायला हवी होती. पण मी वर्गप्रतिनिधी होते.

देशानेलना घेऊन मी मस्यू क्लोव्हिस बेकरीवाल्यांकडे गेले. आमच्या पहिल्या राजाचं नाव असलेला हा माणूस गावातला सर्वांत कट्टर प्रजासत्ताकवादी आहे. नाव ठेवलं आईबापांनी, सूड घेतो पोरगा. त्यांनी विचारलं, "मुख्य टेबलावर कोण कोण?" मी यादी घडाघडा सांगितली, कारण तोवर मुख्याध्यापिका मादाम व्हेर्दिए यांनी माझ्या छोट्याशा प्रदर्शनाला उद्घाटक म्हणून थेट प्रांतसाहेबांना बोलावलं होतं. प्रांतसाहेब म्हणजे आमच्या तालुक्यात खुद्द सरकार. क्लोव्हिसनी भुवया वर केल्या, देशानेलना पिठाच्या हाताने उचललं आणि म्हणाले, "हं. बघतो."

शुक्रवारी दुपारी गालेती आल्या. मुख्य टेबलाच्या गालेतसोबत मुकुटाचं वेगळं, जाड पाकीट होतं. क्लोव्हिस म्हणाले, "हे चुरगाळू नकोस." मी ते कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं.

प्रांतसाहेब मस्यू बोफ्रतों आले. मागे वार्ताहर, गळ्यात कॅमेरा. फीत कापली, माझं भाषण झालं, टाळ्या झाल्या. मग मादाम व्हेर्दिए म्हणाल्या, "आता रिवाजाप्रमाणे सर्वांत लहान व्यक्ती टेबलाखाली!"

मुख्य टेबलावर सर्वांत लहान व्यक्ती मी होते. तुकडा कोणाचा हे टेबलाखालच्या लहान मुलाने न बघता सांगायचं, म्हणजे लबाडी होत नाही, हा रिवाज मला ठाऊक आहे. पण भाषण केलेल्या, दुसऱ्या फेरीत निवडून आलेल्या माणसाने सगळ्या वर्गासमोर चार पायांवर टेबलाखाली शिरायचं? मागून आमचा वर्ग चक्क भुंकला. मी शिरले.

टेबलाखाली फक्त बूट दिसत होते. मादाम व्हेर्दिएंचे टोकदार. बाबांचे न घसरणाऱ्या तळव्यांचे. मस्यू त्रुशोंचे जुने, एकमेकांना चिकटून बसलेले. आमच्या तळमजल्यावरच्या मादाम बूव्हरईंचे फुलाफुलांचे. फुकट खाऊ जिथे, तिथे त्या. आणि प्रांतसाहेबांचे काळे, चकचकीत, आणि थरथरणारे! खरंच थरथरत होते. मला वाटलं थंडी.

"हा कोणाचा?" "बाबांचा!" "हा?" "मस्यू त्रुशोंचा!" असं करत मी सगळे वाटले, आणि माझा तुकडा तिथेच खाली बसून, रागारागाने, दोन घासांत संपवला. हे लक्षात ठेवा. नंतर ते माझ्या फार लक्षात आलं.

बाहेर आले तेव्हा सगळ्यांच्या बशा रिकाम्या होत्या. वर्गातल्या गालेतींमधून फेव्हा निघाल्या होत्या, तिकडे तीन राजे आणि एक राणी ओरडत होती. मुख्य टेबलावर शांतता.

"कोणाला आली?" मादाम व्हेर्दिएंनी हसत विचारलं.

सगळे आपापल्या बशीत बघायला लागले.

"अहो, लाजू नका. राजा कोण?"

मस्यू त्रुशो हळूच उठले आणि एकेकाची बशी उचलून बघायला लागले. अवचित येईल त्या पाहुण्यासाठी रिवाजाने बाजूला ठेवलेला तुकडा बाबांनी काट्याने कुस्करला. नुसतं बदाम. मग बाबा, जे आयुष्यभर या क्षणाची वाट बघत होते, ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "कोणीतरी गिळलंय."

मी पुन्हा टेबलाखाली वाकून बघितलं.

"मी घास बत्तीस वेळा चावते," मादाम व्हेर्दिए म्हणाल्या. "माझं नाव घेऊ नका."

"माझे दात खोटे आहेत," मादाम बूव्हरई म्हणाल्या. "माझ्या तोंडात वाळूचा कण आला तरी मला टेलिग्राम येतो."

आणि मग सगळ्यांनी प्रांतसाहेबांकडे बघितलं. प्रांतसाहेब पांढरेफटक पडले होते. कपाळावर घाम. एक हात कोटाच्या बटणावर, बरोबर पोटाच्या वर.

"मला काही झालेलं नाही," ते म्हणाले. सगळं काही झालेला माणूस म्हणतो ना, अगदी तसं.

"देशानेल," मस्यू त्रुशो त्यांच्या पोटाकडे बघून पुटपुटले.

मादाम बूव्हरईंचे उपाय तोवर सुरू झाले होते. "उकडलेला लीक, ती कांद्याची जाड पात, खायला घाला! पातीचे धागे वस्तूला गुंडाळतात आणि ती अलगद उतरते. माझ्या दिराने कॉलरचं बटण गिळलं होतं. तिसऱ्या दिवशी बटण हजर, दीर ठणठणीत."

"मादाम, मला खरोखर..."

"तोंड उघडा."

त्या शाळेच्या स्वयंपाकघरातून उकडलेल्या लीकचा डबाच घेऊन आल्या होत्या. मादाम व्हेर्दिए वार्ताहराला चित्रं दाखवायला दुसऱ्या दालनात घेऊन गेल्या, आणि आम्ही मागच्या दाराने सरकारी गाडीत. पुढे चालक आणि प्रांतसाहेब, मागे आम्ही चौघं एकमेकांवर.

"मागे चार माणसं हे विम्याच्या दृष्टीने..." बाबांनी सुरुवात केली.

"बाबा!" मी ओरडले, आणि मग रडायलाच लागले. कारण गाडीत बसल्यावर मला खरी भीती वाटायला लागली. चिनीमातीने आतडं कापलं तर? हा माणूस मेला तर? उद्याच्या पेपरात काय येईल? शाळकरी मुलीने सरकारी अधिकाऱ्याला राष्ट्राध्यक्ष चारून मारलं? आमच्या इतिहासाच्या पुस्तकात एक राष्ट्राध्यक्ष चाकूने गेले, एक पिस्तुलाने. प्रांत बदामाच्या पोळीने गेल्याची नोंद पहिलीच झाली असती, आणि खाली नाव माझं.

"दुखतंय का हो?" मी पुढे वाकून विचारलं.

"नाही, बाळ," प्रांतसाहेब म्हणाले. ते मागे बघत नव्हते. तोंडात लीक होता.

हॉस्पिटलच्या खिडकीवर चष्मेवाल्या बाई होत्या.

"काय गिळलंय?"

"राष्ट्राध्यक्ष," बाबा म्हणाले.

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "कुठले?"

"देशानेल."

"ते गाडीतून पडलेले?" बाई लगेच म्हणाल्या. आमच्याच भागातल्या! "अरे देवा. आणि आता इथे पडले. कोणी गिळले?"

"अजून नक्की नाही," मी म्हणाले. "पण संशय यांच्यावर आहे."

"नाव?"

प्रांतसाहेबांनी इतक्या हळू नाव सांगितलं की बाईंना ते तीनदा विचारावं लागलं. तिसऱ्यांदा मादाम बूव्हरईंनी ते ओरडून सांगितलं, हुद्द्यासकट. बाकावरचे सगळे लोक उठून उभे राहिले. एकाने तर मोडक्या हाताने सलाम केला.

त्यांना आत नेल्यावर बाबा क्लोव्हिसना फोन लावत बसले. फेव्ह नक्की कशी घातली, उभी की आडवी, हे त्यांना विचारायचं होतं. पण बेकरीवाले पहाटेआधी उठतात आणि दुपारी झोपतात, तेव्हा फोन नुसता वाजत राहिला. मस्यू त्रुशो कोपऱ्यात बसले होते. माझ्यावर रागावले असते तर परवडलं असतं. ते फक्त म्हणाले, "तीन महिने लागले होते त्या पायांना."

मी म्हणाले, "मस्यू त्रुशो, ते बाहेर येतील. मग आपण धुऊ."

"धुतल्यावर रंग राहायचा नाही, पोरी."

मग डॉक्टरीणबाई एक्स-रे घेऊन आल्या. मागोमाग प्रांतसाहेब, शर्ट अर्धा पँटच्या बाहेर, चेहरा फाशीच्या कैद्यासारखा.

"आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मस्यू त्रुशो धडपडत उठले, फोटो दिव्यावर धरला. आयुष्यभर असले काळे-पांढरे फोटो बघितलेला माणूस तो. बघत राहिले. बघत राहिले. मग मान हलवली.

"हे देशानेल नाहीत."

"म्हणजे?"

"ही माझी चिनीमाती नाही. ही बाजारातली, स्वस्तातली. आणि हे बघा, वर दोन लांब कान. हा ससा आहे."

सगळ्यांनी प्रांतसाहेबांकडे बघितलं. त्यांनी खुर्ची शोधली आणि तिच्यात कोसळले.

"परवा," ते म्हणाले. "म्हाताऱ्यांच्या जेवणाला गेलो होतो, पलीकडच्या गावी. तुकड्यात आला. अगदी पहिल्या घासाला. समोर कॅमेरा, आणि एक आजी मुकुट हातात घेऊन तयार! मी प्रजासत्ताकाचा प्रतिनिधी, माझ्या खोलीत वर राष्ट्राध्यक्षांची तसबीर टांगलेली आहे. मी मुकुट घालून फोटो काढू? या देशाने पहिल्यांदा ज्याला राष्ट्राध्यक्ष निवडलं त्याने पुढे काय केलं? सम्राट होऊन बसला! तेव्हापासून आम्हा सगळ्यांकडे लोक त्याच नजरेने बघतात. मी काय करणार होतो? गिळला."

"रुमाल नव्हता?" मादाम बूव्हरईंनी विचारलं.

प्रांतसाहेबांनी खिशातून रुमाल काढला आणि त्याच्याकडे बघितलं. "सुचलं नाही," ते म्हणाले. "जानेवारीत मला रोज एक गालेत खावी लागते, मादाम. रोज मी घाबरून खातो. आज पुन्हा आला असता तर काय केलं असतं, माहीत नाही."

तरीच ते बूट!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ससा गुळगुळीत आहे, आपला आपण वाट शोधेल, लीकची गरज नाही. मादाम बूव्हरईंना ते पटलं नाही. मला वाटलं, सुटलो! एवढ्यात बाबा, जे कधीच सुटत नाहीत, ते म्हणाले, "यांच्या पोटात ससा. मग देशानेल कोणाच्या पोटात?"

एकेकाचे घास आठवायला सुरुवात झाली. बत्तीस वेळा चावणाऱ्या बाई, टेलिग्राम येणारे दात, बाबा तर साधा भातसुद्धा काटे असल्यासारखा खातात, मस्यू त्रुशोंनी चाकूने तुकड्याचे बारीक बारीक भाग केले होते. उरलं कोण?

टेबलाखाली. रागारागाने. दोन घासांत.

मी पोटावर हात ठेवला. आणि शपथ घेऊन सांगते, मला ते जाणवले! डावीकडे, बरगडीच्या खाली, देशानेल, रात्रीच्या कपड्यात, अंधारात वाट शोधत चालले होते.

"बाबा," मी म्हणाले. माझा आवाज एकदम पहिलीतल्या मुलीसारखा निघाला. "मला वाटतं, मी गिळलेत."

बाबा घाबरतात ते विम्यासारखं, वाक्यावाक्याने. या वेळी ते काहीच बोलले नाहीत. त्यांनी नुसता माझा हात घट्ट धरला, आणि त्यांचा तळवा बर्फासारखा होता. तेव्हा मला कळलं की आतापर्यंत त्यांची जी पाहिली ती भीतीच नव्हती.

"चल, तुझाही फोटो काढू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कोट काढ. खिसे रिकामे कर."

मी खिसे रिकामे केले. रुमाल, चघळायच्या गोळ्या, भाषणाचा कागद आणि ते जाड पाकीट. सगळं बाकावर ओळीने ठेवलं.

"तो मुकुट ना?" प्रांतसाहेबांनी विचारलं.

"हो."

ते उठले. शर्ट खोचला. "द्या इकडे. ससा का असेना, फेव्ह माझ्या पोटात आहे. म्हणजे राजा मीच. नियम म्हणजे नियम, आणि इथे कॅमेराही नाही. परवापासून पळतोय मी याच्यापासून. तू घाबरू नकोस, बाळ. बघ, मी घालतो." आणि मला हसवायला म्हणून त्यांनी पाकीट फाडलं आणि मुकुट झटकन उलगडला.

घडीतून काहीतरी पांढरं उडालं, हवेत एक कोलांटी घेतली आणि हॉस्पिटलच्या फरशीवर टण् करून पडलं.



तेवढ्यात बाबांचा फोन वाजला. मस्यू क्लोव्हिस, झोपेतून उठलेले, इतके मोठ्याने बोलत होते की सगळ्यांना ऐकू येत होतं. "काय झालं? फेव्ह? मी घातलीच नाही! प्रांत बसणार त्या टेबलावर फेव्ह? खुद्द राष्ट्राध्यक्षांच्या महालात जी गालेत जाते तिच्यात फेव्ह नसते, ठाऊक नाही? प्रजासत्ताकाच्या प्रमुखाला राजा करायचं असतं का? मुकुट काढाल तेव्हा सापडेल म्हणून आत ठेवली!"

"पण राजाच झाला नाही तर मुकुट काढणार कोण?" बाबा किंचाळले.

पलीकडून एक जांभई आली. मग क्लोव्हिस म्हणाले, "हं. ते बाकी खरं."

मस्यू त्रुशो गुडघ्यांवर बसले होते. त्यांनी देशानेलना दोन बोटांत उचललं, चष्मा कपाळावर सरकवला, श्वास रोखला. प्रांतसाहेब डोक्यावर सोनेरी मुकुट घेऊन त्यांच्यावर वाकले. मादाम बूव्हरई वाकल्या, डॉक्टरीणबाई वाकल्या. बाबा माझा हात न सोडता वाकले, म्हणून मलाही वाकावं लागलं.

मस्यू त्रुशोंनी श्वास सोडला.

"पाय स्वच्छ आहेत," ते म्हणाले.